मोहरम : ताबूत, पंजे, अलम, मातम – गावोगावी इतका फरक का?

प्रश्न – चौकस

वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी मोहरमवर मजकूर करायचा आहे. जमवलेल्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. सांगली-साताऱ्याकडच्या नोंदींत ताबूत, पंजे, ढोल-ताशे, नवस आणि चोंगे आहेत. लखनौच्या नोंदींत मजलिस (शोकसभा) आणि मातम (छाती पिटून केलेला शोक) आहे, वाद्यांचा उल्लेख नाही आणि दुखवटा दोन महिन्यांहून जास्त चालतो. मुंबईत बोहरा समाजाची आशुरा (मोहरमची दहावी) इतरांच्या एक-दोन दिवस आधीच होऊन जाते.

ताबूत, ताजिया, डोला, पंजा, अलम, सवारी ही एकाच वस्तूची नावं आहेत का? वाद्यं असतील तर सुन्नी आणि नसतील तर शिया, असं लिहिलं तर चालेल का? खत्तल (कत्तलीची) रात्र नववीची धरायची की दहावीची? शिवाय पत्रक लागेल त्या दिवशी शंभर माणसांना खिचडा वाटायचा आहे, त्याचं प्रमाण कुणी देईल का?

उत्तर – दख्खनी

आधी शब्दांचं बघू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे.

ताबूत म्हणजे मूळ अरबीत पेटी, शवपेटी. पैगंबरांचे नातू इमाम हुसेन इराकमधल्या करबला इथे खलिफा यजीदच्या सैन्याकडून मारले गेले, मोहरम ही त्याचीच आठवण. आपल्याकडे ताबूत हा शब्द त्यांच्या तिथल्या कबरीच्या प्रतिकृतीला लावतात. कळकाचा सांगाडा आणि वर कागद. उत्तरेत हिलाच ताजिया म्हणतात. डोला हा बहुतेक ठिकाणी खांद्यावरून सहज नेता येणारा लहान ताबूत, पण गावागणिक अर्थ बदलतो, म्हणून पत्रकात गावाचं नाव घालूनच तो शब्द वापरा. ताजिया या शब्दाचा मूळ अर्थ सांत्वन, दुखवटा. इराणमध्ये त्याच शब्दाने चक्क नाट्यप्रयोग ओळखला जातो. त्यात इमामांच्या बाजूची पात्रं हिरव्या वेशात आणि गाऊन बोलतात. यजीदच्या बाजूची लाल वेशात असतात आणि ती गात नाहीत, नुसती मोठ्याने बोलतात. इराणच्या ताजियाचं छायाचित्र घेऊन त्याखाली ‘ताबूत’ असं छापू नका.

अलम म्हणजे निशाण. करबलेत निशाण हुसेन यांचे सावत्र भाऊ हजरत अब्बास यांच्या हाती होतं. तहानलेल्या मुलांसाठी फुरात नदीचं पाणी आणताना त्यांचे दोन्ही हात तोडले गेले. पंजा हा अलमचाच एक प्रकार, ज्याच्या माथ्यावर हाताचा आकार असतो. पाच बोटं म्हणजे पैगंबर, अली, फातिमा, हसन आणि हुसेन. नालेच्या आकाराचा असेल तर नाल साहेब. हे सगळं मिरवत निघालं की ती सवारी. म्हणजे तुमच्या यादीतली पाच नावं वस्तूंची दोन कुळं दाखवतात : ताबूत-ताजिया-डोला हे कबरीचं कूळ आणि अलम-पंजा हे निशाणाचं. सवारी ही वस्तू नाही, निघण्याची रीत आहे.

दख्खनमध्ये निशाणाचं कूळ जास्त रुजलं, त्याला कारण आहे. विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही आणि आपली निजामशाही, तिन्ही दरबारांत इराणी विद्वानांचा राबता होता. अहमदनगरला (आता अहिल्यानगर) पहिल्या बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिर यांच्या प्रभावाने १५३७ मध्ये शिया पंथ स्वीकारला. तिथल्या कोठला भागातून निघणाऱ्या बारा इमामांच्या सवाऱ्या आजही शहराच्या मोहरमचा कणा आहेत. हैदराबादेत बादशाही आशूरखाना १५९० च्या दशकातला. त्यात देव्हाऱ्यासारखे अलमच मांडलेले असतात. दहाव्या दिवशी बीबी का अलम दबीरपुऱ्यातून हत्तीवर निघतो आणि मुसी नदीकाठी चादरघाटला जातो. राज्यं गेली, दरबारी शिया पंथ आटला, पण गावोगावी पंजे बसायचे ते राहिलेच. म्हणून तुमच्या नोंदींतल्या गावांत पंजे बसवणारे मुख्यतः सुन्नी आणि हिंदू असतात. काही गावांत तर मुस्लिम घर उरलेलं नाही, तरी पंजा बसतो.

गावातला क्रम साधारण असा. चंद्र दिसल्यावर कुदळ मारतात, म्हणजे आशूरखान्यासमोर अलाव्याचा (शेकोटीचा) खड्डा खणायला सुरुवात. पहिल्या पाच दिवसांत पेटीतले पंजे बाहेर काढून, धुऊन, उद दाखवून बसवतात. सातवीपासून फेऱ्या आणि भेटी. नववीच्या रात्री अलावा पेटवून त्याभोवती ‘या हुसेन’ म्हणत फिरतात. दहावीला विसर्जन. ‘बुडवणे’ किंवा ‘पुरणे’ असं कुणी म्हणत नाही, ‘थंडे करणे’ म्हणतात. पत्रकात तोच शब्द ठेवा.

पंजा बिघडतो तो बहुधा पेटीत. पितळ ओलसर कापडात गुंडाळून ठेवलं की कळकतं. चिंचेने घासायला हरकत नाही, पण नंतर भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण सुकवायला हवं. आंबट अंश राहिला तर आठवड्यात हिरवट डाग येतात. चांदीच्या पंजाला चिंच नको, रिठ्याचं कोमट पाणी पुरे. आणि काठीवर बसणारी खालची नळी दर वर्षी तपासावी. वर शेले आणि सेहरे चढले की सगळा भार माथ्याकडे जातो आणि नळी सैल असेल तर पंजा चालता चालता फिरतो.

उत्तर – कळकसूत

ताबुतांबद्दल थोडी भर. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे ताबूत घ्यायचे ठरवलंत तर उंचीच्या पुढे जाऊन बांधणीबद्दल लिहा. उंची शंभर फुटांच्या वर जाते हे सगळेच छापतात. खरं कौतुक त्या रीतीचं आहे : आधी कळस, मग पाया. वरचा भाग जमिनीवर बांधून तयार करायचा, तो उचलायचा आणि त्याच्याखाली पुढचा मजला जोडायचा. असं करत ताबूत खालून वाढत जातो. त्यामुळे बांधणाऱ्याला पूर्णवेळ उंचावर लटकावं लागत नाही आणि प्रत्येक उचलीत वरच्या भागाचा तोल आपोआप तपासला जातो. आकार अष्टकोनी, साहित्य कळक आणि सूत. ताबुतांचे मान हिंदू आणि मुस्लिम दोन्ही घराण्यांकडे आहेत आणि दहावीला ताबुतांच्या भेटी होतात.

लहान ताबूत घरीच करायचा असेल (पत्रकाशेजारी ठेवायला नमुना म्हणून) तर तीन फुटांचा पुरेसा. कांब्या वाळलेल्या कळकाच्याच घ्या. ओल्या कांब्या सुकताना आकसतात आणि सुताचे वेढे ढिले पडतात. खळ मैद्याची, पातळ, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळ-कसर लागत नाही. मोरचूद विषारी आहे, मुलांचे हात त्यात नकोत. कागदाचा एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा चढवू नका. बेगड सगळ्यात शेवटी.

पावसाळ्यात हाच थर घात करतो. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, म्हणून मोहरम दर वर्षी दहा ते बारा दिवस अलीकडे सरकतो. भारतात आशुरा २०२३ ला २९ जुलै, २०२४ ला १७ जुलै, २०२५ ला ६ जुलै अशी आली. २०२६ ची जूनच्या शेवटच्या आठवड्यात येईल आणि २०२९ पर्यंत मे महिन्यात पोचेल. तोवर दमट हवेत खळ दोन-दोन दिवस वाळत नाही, बुरशी धरते आणि कागदाला पोट सुटतं. कोळशाची शेगडी लांब ठेवून खोली कोरडी करतात, पण दार उघडं ठेवूनच, नाहीतर कोळशाच्या विषारी वायूने माणूस गुदमरतो.

उत्तर – इमामवाडा_गल्ली

वाद्यांवरून पंथ ओळखण्याची कसोटी कृपया छापू नका, ती दोन्हीकडून खोटी ठरते. इराणमधल्या शिया मिरवणुकांत मोठे ढोल आणि झांजा असतात. लखनौलाही पहिल्या मोहरमला बड्या इमामबाड्यातून छोट्या इमामबाड्याकडे शाही जरीह निघते (कबरीभोवतीच्या जाळीची मेणाची प्रतिकृती), तिच्यापुढे मातमी धून वाजते. उलट देवबंदी आणि अहले हदीस सुन्नी ताबूतच मानत नाहीत, मग वाद्यांचा प्रश्नच नाही. बरेलवी उलेमांनीही ताबूत आणि ढोल-ताशांविरुद्ध लिहिलं आहे. सुन्नींमध्ये या दिवसांत मुख्य गोष्ट रोजाची : नववी-दहावी किंवा दहावी-अकरावी असे दोन. शिया दहावीला रोजा ठेवत नाहीत, दुपार उलटेपर्यंत अन्नपाण्यावाचून राहतात. त्याला फाका म्हणतात. फाक्यात रोजाची नियत नसते आणि तो सूर्यास्तापर्यंत नेत नाहीत. हा फरक बारीक वाटतो, पण दोन्हीला ‘उपवास’ लिहिलंत तर दोन्हीकडचे वाचक दुखावतील.

मजलिशीचा क्रम जवळपास सगळीकडे एकच आहे. आधी सोज आणि सलाम ही शोकपदं (साज न वापरता, गळ्यावरच), मग मर्सिया म्हणजे शोककाव्य, मग मिंबरवर (पायऱ्यांच्या आसनावर) बसून जाकिरचं, म्हणजे प्रवचनकाराचं, प्रवचन. प्रवचन उपदेशाने सुरू होतं आणि शेवटच्या भागात मसायबवर, म्हणजे करबलेतल्या हालांवर येतं. तिथे लोक रडतात. मग उभं राहून नोहा (विलापगीत) आणि मातम, शेवटी जियारत (इमामांना सलाम करणारा पाठ), आणि निघताना तबर्रुक (प्रसाद). मिंबरसमोर पाठ करून बसू नये आणि मसायब चालू असताना उठून जाऊ नये. छायाचित्रं काढणाऱ्यांनी एवढं पाळलं तरी पुरे.

प्रांताप्रांतात दिवस बदलतात. हजरत अब्बास यांचा दिवस भारतात आठवी, इराणमध्ये नववी, म्हणजे तासूआ. हुसेन यांचे पुतणे कासिम यांचा भारतात सातवी, त्या दिवशी मेंदी निघते. इराणमध्ये सहावी. काश्मिरात मर्सिया एकटा गायक म्हणत नाही, मंडळी गोल बसून एकत्र म्हणतात. बाल्टिस्तानात तर मोहरमखेरीज उन्हाळ्यात सौर असद महिन्याच्या हिशेबाने आणखी एक आशुरा पाळतात.

लखनौचा दुखवटा दोन महिने आठ दिवसांचा : एक मोहरम ते आठ रबीउल अव्वल. त्यात २० सफरला चेहल्लुम, म्हणजे चाळिसावा. शेवटच्या दिवशीचं चुप ताजिया मौन पाळत निघतं, ना नोहा ना मातम. चंद्र दिसताच बायका बांगड्या उतरवतात. त्याला उर्दूत ‘चूडियां बढाना’ म्हणतात. आपल्या मराठीतही बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. अशुभ तोंडाने न उच्चारण्याची रीत दोन्ही भाषांत सारखीच.

मुंबईत डोंगरी-भेंडी बाजारातली दहावीची मिरवणूक माझगावच्या रहमताबाद कब्रस्तानात संपते. मातमाच्या पद्धतींवरून समाजातच मतभेद आहेत, तेही लिहा. इराणचे खामेनेई यांनी १९९४ मध्ये डोक्यावर शस्त्र मारून रक्त काढण्याला विरोध करणारा फतवा दिला. बोहरा फक्त हाताने मातम करतात. बऱ्याच ठिकाणी हल्ली या दिवसांत रक्तदान शिबिरं भरतात. आगाखानी खोजे (शियांमधलाच एक पंथ) मातम करत नाहीत, कारण त्यांच्या श्रद्धेनुसार इमाम हयात आणि समोर आहे.

बोहरा तारखेचं कोडं सोपं आहे. त्यांची दिनदर्शिका चंद्रदर्शनावर थांबत नाही, ती गणिताची आहे : एक महिना ३० चा, पुढचा २९ चा, आणि ३० वर्षांत ११ वेळा शेवटच्या महिन्यात एक दिवस जास्त. चंद्र प्रत्यक्ष दिसायची वाट बघावी लागत नसल्याने त्यांचा महिना एक-दोन दिवस आधी लागतो. २ ते १० मोहरम असे त्यांचे वाअजचे (प्रवचनांचे) नऊ दिवस.

खत्तल रात्र : इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. नववीचा सूर्य मावळला की दहावी लागली. म्हणजे ती शब-ए-आशूर, दहावीचीच रात्र. गावात मात्र ‘नववीची रात्र’ म्हणतात, आणि तेही चूक नाही, मोजण्याची रीत वेगळी. पत्रकात इंग्रजी तारीख आणि ‘सूर्यास्तानंतर’ एवढं लिहिलं की भांडण मिटलं.

उत्तर – देग

खिचड्याचं प्रमाण, शंभर माणसं, माणशी साधारण साडेतीनशे ग्रॅम :

कांडून कोंडा काढलेले गहू ४ किलो, जव अर्धा किलो, तांदूळ १ किलो. चणाडाळ ७५० ग्रॅम, तूर, मूग, मसूर प्रत्येकी ४०० ग्रॅम. मटण १० किलो, थोडं हाडासकट. कांदा ५ किलो, तेल-तूप मिळून अडीच लिटर. आलं आणि लसूण अर्धा-अर्धा किलो, हिरवी मिरची ४०० ग्रॅम, लाल तिखट २०० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, गरम मसाला १५० ग्रॅम. वरून कोथिंबीर, पुदिना, तळलेला कांदा आणि ५० लिंबं.

गहू-जव रात्रभर, किमान आठ तास भिजवा. सकाळी गहू-जव २० लिटर पाण्यात आधी चढवा, ते मऊ व्हायला दीड-दोन तास लागतात. डाळी आणि तांदूळ त्यानंतरच. सुरुवातीलाच डाळ टाकली की ती विरघळून बुडाला बसते आणि गहू शिजायच्या आत करपते, आणि करपल्याचा वास पूर्ण देगभर जातो. मटण वेगळ्या भांड्यात मसाल्यासह शिजवून घ्या, मग दोन्ही एकत्र करून लाकडी घोट्याने मंद आचेवर तासभर घोटा. घट्ट वाटलं तर उकळतं पाणीच घाला. गार पाणी घातलं की धान्याचा चिकटपणा तुटतो. मीठ साडेतीनशे ग्रॅमपासून, आणि निम्मं शेवटी, कारण आटताना खारटपणा चढतो.

हलीम आणि खिचडा एक नाही. हैदराबादी हलीम घोटून एकजीव करतात, मुंबईच्या खिचड्यात मटणाचे तुकडे आणि गव्हाचा दाणा दाताखाली आला पाहिजे. शाकाहारी मंडळी असतील तर मटणाशिवाय वेगळी लहान देग लावा, चमचाही वेगळा.

गावाकडचे चोंगे म्हणजे गुळाच्या पाण्यात मळलेल्या कणकेच्या, वर नक्षी उठवलेल्या गोड पोळ्या. कणीक घट्टच हवी, सैल झाली तर तळताना नक्षी पुसते. हैदराबादेत या दिवसांत दम के रोट करतात. आणि तुर्कस्तानात याच दिवशीचा ‘आशुरे’ हा गहू, हरभरे आणि सुक्या मेव्याचा गोड पदार्थ आहे, तिकडे तो नूह पैगंबरांच्या नौकेशी जोडतात. तिथलेच अलेवी (अली आणि बारा इमामांना मानणारा पंथ) मात्र बारा इमामांसाठी बारा दिवस रोजे ठेवतात आणि निव्वळ पाणी पीत नाहीत. आपल्याकडे तहानेची आठवण सबील लावून, वाटसरूला पाणी-सरबत पाजून ठेवतात. त्यांनी तीच आठवण स्वतः पाणी सोडून ठेवली. मला यातलं कुठलंही एक दुसऱ्यापेक्षा कमी वाटत नाही. सबील लावणार असाल तर शंभर पेल्यांना १५ लिटर सरबत धरा, आणि दूध घातलेलं सरबत उन्हात ठेवू नका.

उत्तर – बंदरवाट

ताबूत हा शब्द समुद्र ओलांडून गेला आहे. सुमात्रा बेटावर पारियामान गावात तो ‘ताबुइक’ झाला आणि बेंगकुलूत ‘ताबोत’. इंग्रजांच्या बेंगकुलू ठाण्यावर नेलेल्या हिंदी शिपायांनी ही रीत तिकडे पोचवली. पारियामानला पहिल्या दिवशी नदीतली माती आणतात, पाचवीला केळीचे खांब तोडतात, सातवीला ‘जारी-जारी’ म्हणजे बोटं मिरवतात. आपला पंजाच तो. शेवटी पंखांच्या बुराकावर (पैगंबरांचं वाहन मानलेल्या प्राण्याच्या आकृतीवर) उभारलेले दोन ताबुइक समुद्रात सोडतात. पाळणारे लोक सुन्नी आहेत. पर्यटकांसाठी विसर्जन आता बहुधा सोयीच्या रविवारी होतं, म्हणून तिकडच्या छायाचित्रावरची तारीख बघून आशुरा कधी होती ते ठरवू नका.

त्रिनिदादमध्ये ऊसमळ्यांवर गेलेल्या हिंदी गिरमिटियांनी (करारबद्ध मजुरांनी) ‘होसे’ नेलं : ‘हुसेन’चं रूप. ताजियाला तिथे ‘ताजा’ म्हणतात आणि पुढे ताशा वाजतो, नावासकट. ३० ऑक्टोबर १८८४ ला सान फर्नांडो इथे बंदी मोडून निघालेल्या मिरवणुकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि माणसं मेली. त्यात हिंदू मजूरही चालत होते. पत्रकात जागा असेल तर ही तारीख घ्याच.

चौकस

सगळ्यांचे मनापासून आभार. गव्हाची ऑर्डर आजच देतो. एकच राहिलं : मथळा ‘मोहरम सणाच्या हार्दिक शुभेच्छा’ असा ठरला होता. बदलावा का?

उत्तर – इमामवाडा_गल्ली

हो, बदला. हिजरी नववर्ष म्हणून काही सुन्नी घरांत एक मोहरमला शुभेच्छा देतात, पण आशुरेला ‘मुबारक’ कुणी म्हणत नाही आणि शिया घरात तर हा पूर्ण काळ सुतकाचा. ‘मोहरम : करबलेची आठवण, १० मोहरम हिजरी ६१ (१० ऑक्टोबर ६८०)’ एवढं पुरे. पार्श्वभूमी काळी किंवा हिरवी ठेवा. लाल नको, करबलेच्या नाट्यात तो यजीदच्या बाजूचा रंग आहे.

उत्तर – कळकसूत

आणि नमुन्याचा ताबूत पत्रक उतरवल्यावर रद्दीत टाकू नका. नमुना असला तरी गावातली म्हातारी माणसं त्याला हात जोडतील. कागद-बेगड सोडवून घ्या, कांब्या आणि सूत वेगळं करून स्वच्छ जागी पुरा.